हैबतीआबांचा मुक्काम

हैबतीआबांनी उभ्या जन्मात झोपण्यासाठी कुणाला पैसे मोजले नाहीत. ते धर्मशाळेतसुद्धा उतरत नसत. धर्मशाळेला पैसे पडत नाहीत, हे मी एकदा त्यांना समजावून पाहिलं. ते म्हणाले, "न्हाई पडत. पर तितं 'जेवला का?' म्हून इचारणारं कोन हाय?"

आबा औंढ्याचे शेतकरी. लोणावळ्याच्या बाजारला आले की सौदा उरकून स्टेशनात शिरायचे आणि माझ्या तिकिटाच्या खिडकीला कोपर टेकून उभे राहायचे. अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी आणि चेहऱ्यावर असा भाव की आगगाडी आपल्याच बैलांनी ओढत आणली आहे. जायचं कुठंच नसायचं. गाड्या बघायला आत येणाऱ्यांनी फलाटाचं तिकीट काढावं असा नियम होता. आबांनी तो कधी पाळला नाही. पहिल्याच दिवशी मी हटकलं तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, "गाव कंचं तुमचं?"

मी पुणं सांगितलं.

"मामा कुटले?"

मामा तळेगावचे.

"झालं तर! माजी भैन तळेगावात दिली. तिची तुमच्या मामाच्या आळीलाच वैवाट. तुमी भाचं लागता माजं. भाच्याच्या घरी जायाला तिकीट लागतं व्हय?"

तेव्हापासून मी त्यांचा भाचेमास्तर झालो. नोकरीला लागून आठवडा झाला नव्हता आणि सरकारचं उत्पन्न बुडवणारा एक मामा पदरात पडला होता.

गाव कंचं, मामा कुटले, भैन कुटं दिली, या तीन प्रश्नांवर आबांचा सगळा संसार आणि सगळा प्रवास चालायचा. तिसऱ्या प्रश्नापर्यंत टिकून परका राहिलेला माणूस मी पाहिला नाही. हे नातं रक्ताचं नसे की जातीचं नसे, ते गावचं असे, आणि आबा ते रक्ताच्या नात्यासारखं वापरीत. एकदा भाऊबंदाशी बांधावरून तंटा झाला आणि वडगावच्या कोर्टात तारीख पडली. आदल्या रात्री आबा मुक्कामाला कुठं गेले असतील? थेट विरुद्ध बाजूच्या वकिलाकडे. वकिलाची आई माहेरची कार्ल्याची आणि आबांची आत्या कार्ल्यात दिलेली, एवढा धागा त्यांना पुरेसा होता. म्हातारीनं माहेरचा माणूस म्हणून पाटावर बसवून जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी उलटतपासणीला उभं राहिल्यावर वकिलानं जरासा आवाज चढवला, तर आबा भर कोर्टात म्हणाले, "भाऊ, दमानं. सकाळधरनं तुमच्या पोटात बी काय न्हाई, मावशीचा जीव लागून ऱ्हायलाय." कोर्ट हसलं, वकील खाली बसले आणि बांध आबांच्या बाजूला राहिला.

वलवणच्या धरणावर एक गोरा इंजिनियर होता. त्याचा बंगला टेकडीवर. साहेबाशी नातं कसं काढणार, म्हणून आम्ही स्टेशनातल्या मंडळींनी आबांना डिवचलं. आबा चार दिवसांनी परत आले ते तोंडात साहेबाच्या घरचं बिस्कीट घोळवतच. साहेबाची कुत्री म्हणे औंढ्याच्या पाटलाच्या घरची, पिलू असताना दिलेली. आबांनी खानसाम्याकरवी साहेबाला सांगितलं, "आमच्या गावची लेक तुमच्या घरात नांदती. तिला बगायला आलोय. तुमी आमचं जावई." साहेब पोट धरून हसला आणि त्यानं खुर्ची दिली. खुर्चीवर आबा बसले नाहीत. जावयाच्या घरी सासऱ्यानं बसू नये हे खरं, पण खुर्ची हलते म्हणून ते बसले नाहीत असं खानसामा म्हणाला.

हे सगळं लबाडीचं वाटेल. पण आबांच्या हिशोबाला दुसरी बाजू होती. ज्याच्या घरी ते जेवले त्याला औंढ्याचा उंबरा मोकळा. त्यांच्या ओसरीवर नेहमी कुणीतरी पथारी पसरलेली असे. कल्हईवाला, गोसावी, वाट चुकलेला पोस्टमन, वकिलाच्या आईचा कुणी दूरचा पुतण्या, असं कुणीही. आणि त्या सगळ्यांना भाकरी थापून घालणारी ठकूमावशी, आबांची बायको. नात्यानं ती माझी मामी व्हायला हवी होती, पण सगळा गाव तिला मावशीच म्हणायचा. नाती काढायची आबांनी आणि निभवायची मावशीनं, अशी त्या घरात वाटणी होती. "ह्यांचं त्वांड आन माजा तवा," असं ती म्हणायची.

या दोघांचा एकुलता एक मुलगा दगडू. घाटातल्या रुळांवर तो कामाला होता. एका ठेकेदारानं आफ्रिकेतल्या रेल्वेसाठी माणसं गोळा केली, त्यात तो मोंबासाला गेला. बोली दोन-तीन वर्षांची होती. पहिली लढाई पेटली, संपली, संपून तीन-चार वर्षं झाली, तरी दगडू आला नाही. मग त्याच्याबरोबर गेलेला एक जण परतला आणि त्यानं बाजारात सांगून टाकलं की दगडूनं तिकडंच बायको केली आहे, तिथल्याच शेतकऱ्याची मुलगी. ठकूमावशीनं दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी ती आबांना म्हणाली, "साऱ्या जगाशी नातं काडता न्हवं? जावा आन माजं प्वार घिऊन या. एकटं येऊ नका."

दुसऱ्या दिवशी आबा माझ्या खिडकीत.

"भाचेमास्तर, आफ्रिकेचं एक तिकीट द्या. येताना दोन लागतील."

मी त्यांना आत बोलावून बसवलं. परदेशी जायचं म्हणजे काय काय लागतं याचा अंदाजपत्रकासकट विचार करणं ही माझी हौस होती. मी स्वतः पुण्यापलीकडे गेलो नव्हतो, पण हौसेला तिकीट लागत नाही. बाजारात एक कच्छी कापडवाले शेठ होते, तरुणपणी मोंबासाला दुकान करून आलेले. त्यांना विचारून मी खर्चाची तीन खाती पाडली. मुक्काम, नाणं आणि भाषा. आगबोटीचं भाडं वेगळं. पैशांची अडचण नव्हती. आबांच्या एका वावराचा तुकडा धरणात गेला होता, त्याचे पैसे मावशीनं जपून ठेवले होते.

आबांनी तिन्ही खाती ऐकली आणि तिन्ही नापास केली.

"मुक्कामाला पैशे? मोंबाशात मानसं ऱ्हात न्हाईत का?"

"आबा, तिथं कोण आहे तुमचं?"

"जाऊन इचारल्याबिगर कसं कळंल?"

नाण्यावरून तर भांडणच झालं. दगडूनं पूर्वी कळवलं होतं की तिकडं आपलाच रुपया चालतो. ते खरंही होतं. पण मध्यंतरी तिथं रुपया बंद होऊन शिलिंग आला होता, आणि हे आबांना पटेना. "राजा त्योच, मंग रुपयाला काय रोग झाला?" शेवटी मुंबईला बोटीत चढण्यापूर्वी पैसे बदलून घ्यायचे, एवढं मी त्यांच्या गळी उतरवलं.

भाषेच्या खात्यात मी शेठजींकडून भात, पाणी, रस्ता, दवाखाना असे उपयोगाचे शब्द गोळा केले होते. आबा म्हणाले, "भाताला काय म्हनत्यात ते भात म्होरं आल्याव कळंल. मला माजं तीन सवाल तिकडच्या बोलीत बांदून द्या. बाकीचं मी बगतो." मग शेठजींच्या गादीवर बसून आबांनी ते तीन प्रश्न घोकले. गाव कंचं, याला तिकडं म्हणायचं 'क्वेनु वापी?' शेठजींच्या मते त्याचा खरा अर्थ 'तुमची माणसं कुठं असतात' असा. आबा एकदम खूष झाले. "मानूस शानं हाय तिकडचं," ते म्हणाले. तिकडं बहिणीला 'दादा' म्हणतात हे कळल्यावर मात्र त्यांना हसू आवरेना, आणि तिसरा प्रश्न काही धड पाठ झाला नाही.

सरकारी परवान्यासाठी कुणा वजनदार माणसाची सही हवी होती. ती वलवणच्या जावयानं दिली.

निघायच्या दिवशी मी एक वेगळी थैली शिवून आणली. तिच्यात मुक्कामाचे पैसे घालायचे आणि दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही, असं बजावलं. आबांनी थैली घेतली, पण पैज लावून. "ही थैली मी जशीच्या तशी आनून तुमच्या म्होरं टाकनार. टाकली, तर तुमी औंढ्याला येऊन वसरीवर मुक्काम करायचा. लोकाच्या घरी झोपायला लाजता तुमी, ठाव हाय मला."

"आणि रिकामी आणली तर?"

"तर जिता हाय तवर फलाटाचं तिकीट काडीन."

मी पैज घेतली. मला ते तिकीट विकायची फार इच्छा होती.

चारेक महिन्यांनी आबा परत आले. एकटे. मुंबईच्या गाडीतून उतरले, खिडकीपाशी आले, थैली माझ्यापुढे टाकली. थैली रिकामी होती. मी हसायला तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा पाहून मिटलं.

मग गाड्यांच्या वेळा सांभाळत, मधेच तिकिटं कापत, मी ती सगळी हकिकत ऐकली. बोटीवर रत्नागिरीकडचा एक खलाशी निघाला. त्याच्याशी नातं जुळायला मुंबईचा किनाराही दिसेनासा व्हावा लागला नाही. भात, मासळी आणि झोपायला दोरखंडांची ऊबदार जागा मिळाली. मोंबासाला उतरल्यावर मात्र पहिलाच वार फुकट गेला. धक्क्यावरच्या हवालदाराला आबांनी "क्वेनु वापी?" विचारलं. कागदपत्रं तपासणाऱ्या हवालदाराला, हा आपलीच चौकशी करतो आहे, हे पसंत पडलं नाही. त्यानं आबांना चौकीत नेऊन बसवलं. रात्र तिथंच गेली. "जेवान दिलं, घोंगडं दिलं, दाराव मानूस उभा क्येला. सरकारचा पाव्हनचार आसाच आसतो," आबा म्हणाले. तुरुंगालाही ते मुक्कामात धरत होते.

सकाळी हवालदारानंच रेल्वेच्या चाळी दाखवल्या आणि तिथून कुणीतरी दगडूकडे नेलं. दगडू रुळांवर काम करत होता. आबांनी बोटीवर सगळा वेळ काढून शिव्यांची चांगली जुळणी केली होती. दगडूनं बापाला बघितलं, हातातला घण खाली ठेवला आणि म्हणाला, "आबा, जेवला का?"

"मंग काय," आबा मला म्हणाले, "सगळ्या शिव्या इसरलो."

दगडू राहायचा खाडीपलीकडे, सासऱ्याच्या वाडीत. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली घरं, मक्याची शेतं, शेळ्या. बायकोचं नाव कादझो. सासरा कारिसा, आबांच्याच वयाचा आणि आबांच्याच सारखा ताठ. आबांनी त्याला पहिला प्रश्न विचारला. कारिसानं हात फिरवून सबंध वाडी दाखवली. दुसरा विचारला. त्यानं मामाचं गाव दाखवलं, जरा लांब, टेकाडामागं. तिसरा प्रश्न आबांना आठवला नाही आणि तिथंच नात्यात खोट राहिली.

कारण आबा होते वरबाप. सोयऱ्याच्या दारात पहिल्यांदा आलेला वरबाप चटईवर बसतो आणि वाट बघतो. आधी पायावर पाणी, मग मुंडासं, मग जेवणात पहिला मान. पाणी आलं. जेवण आलं. मुंडासं येईना. आबा रुसले. त्यांनी चटई उचलली आणि वाडीकडे पाठ करून माडाखाली बसले. आपल्याकडे व्याही असा बसला की निम्मं गाव समजूत घालायला धावतं. इथं कुणी धावलं नाही. आबांनी थोड्या वेळानं हळूच मागं वळून पाहिलं, तर कारिसाही त्यांच्याकडे पाठ करून दुसऱ्या माडाखाली बसलेला.

तोही रुसला होता. त्यांच्यात मुलगी नेणाऱ्यानं तिच्या बापाला शेळ्या द्यायच्या असतात. दगडूनं दिल्या नव्हत्या. बाप येईल, मग देईल, असं सांगून त्यानं दिवस काढले होते. आता बाप आला होता, आणि एकही शेळी न आणता चटई उचलून बसला होता.

"मला वाटलं, मुंडासं ह्येच्याकडनं यायाचं. त्याला वाटलं, शेळ्या माझ्याकडनं. आन ह्ये येडं पोरगं दोनी माडांच्या मधी पळतंय."

"मग?"

"मंग ती सून आली. बोलली न्हाई, चालली न्हाई. पाठीवरचं लेकरू सोडलं, माझ्या मांडीव ठिवलं आन घागर घिऊन पान्याला निगून गेली. लेकरानं धोतार भिजवलं."

लेकरू मुलगी होती. आबा ओल्या धोतरानं बसून राहिले. तान्ही नात मांडीवर असताना रुसून उठून जाता येत नाही. आणि बसल्या बसल्या त्यांना स्वतःच्या आईची गोष्ट आठवली. जुन्या काळी आपल्याकडेही मुलीच्या बापाला देज देत असत. आबांच्या आजोबांनी आबांच्या आईसाठी दोन खोंडं दिली होती, आणि म्हातारी मरेपर्यंत कुणी वर मान करून बोललं तर सुनवायची, "दोन खोंडं मोजून आनलीया मला, फुकट न्हाई आली."

"भाचेमास्तर, मानसाची लेक न्यायाची आन हात हालवत बसायाचं? मीच चुकलो व्हतो."

आबांनी थैली सोडली. मुक्कामासाठी वेगळे ठेवलेले सगळे शिलिंग शेळ्यांत गेले. शेळ्या दारात बांधल्यावर कारिसानं आपली चटई उचलून आबांच्या चटईला जोडून टाकली. प्यायला माडी आली. "वाईच घेतली," आबा म्हणाले, "याह्याचा मान मोडू न्हाई म्हून." मुंडासं शेवटपर्यंत मिळालं नाहीच. दगडू लगेच येऊ शकत नव्हता. कामाची बोली होती आणि मूल बोटीला लहान होतं. मोठं झालं की घेऊन येतो, म्हणाला.

"आणि आबा, पैज?"

"हारलो," ते म्हणाले. "मुक्कामाचं पैशे मुक्कामालाच गेलं. माझ्या न्हवं, पोराच्या." मग रिकाम्या थैलीची घडी घालत म्हणाले, "नातीचं नाव काय ठिवलंय ठाव हाय? त्यांच्यात बापाच्या आयचं नाव ठिवत्यात. ठकू. पर ह्ये तुमी हिला सांगायचं न्हाई. जो सवाल करतो त्यालाच जबाब द्यावा."

ठकूमावशीनं सवालच केला नाही. आबा एकटे दारात दिसले, तेव्हा तिला काय कळायचं ते कळलं. "पोरगं आनाया गेलता का पाव्हनचार झोडाया?" एवढंच ती म्हणाली आणि त्यांचं अंथरूण ओसरीवर टाकलं. त्या दिवसापासून आबा कल्हईवाले आणि गोसावी यांच्या रांगेत झोपू लागले. दोन वेळचं जेवण वाढलेलं मिळे, पण बोलणं बंद. सून कशी आहे, लेकरू कुणावर गेलं आहे, मावशीनं एका शब्दानं विचारलं नाही. आणि आबा हट्टाला पेटलेले. न विचारता सांगायचं नाही. खाडीपलीकडच्या वाडीत ज्याला चटई मिळाली, त्या माणसाला स्वतःच्या घरात उंबऱ्याच्या आत जागा राहिली नाही. बाजारात लोक टर उडवायचे. "आबा, सध्या मुक्काम कुटं?" आबा हसून म्हणायचे, "पाव्हन्याकडं हाय. मानसं बरी हैत, पर बोलत न्हाईत." हे हसणं मला बघवत नसे. मी एकदा सगळं मावशीला सांगून टाकायला निघालो होतो. पण शब्द दिला होता, आणि आबा शब्दाच्या बाबतीत मामा नव्हते, सावकार होते.

फलाटाचं तिकीट मात्र ते इमानानं काढू लागले. नाणं खिडकीत ठेवताना दर वेळी म्हणायचे, "घ्या भाचे, हारल्याली पैज." ते पैसे घेताना मला कधी आनंद झाला नाही.

तीन-चार वर्षं अशी गेली. मग एका सकाळी आबा नवं धोतर नेसून आले आणि नाणी सरकवून म्हणाले, "फलाटाची दोन."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. दूर पाण्याच्या नळाजवळ ठकूमावशी उभी होती, आबांशी आपला काही संबंध नाही अशी. दगडू येतोय हे आबांनी शेजाऱ्याकरवी तिला कळवलं होतं. ती आबांबरोबर आली नव्हती. आबांच्या मागून, बरंच अंतर राखून आली होती. बाहेर बैलगाडी उभी होती. तीही तिनंच जुंपून आणलेली.

मुंबईची गाडी लागली. दगडू उतरला, अंगानं भरलेला. मागून कादझो, उंच, कपाळ उघडं, फलाटावरच्या सगळ्या नजरा झेलत अगदी शांत. आणि तिचा हात धरून एक चार-पाच वर्षांची मुलगी. फलाट थांबला. हमाल थांबले. चहावाला थांबला. आबा पुढं गेले नाहीत. ते मुद्दाम माझ्या खिडकीला पाठ लावून, सिग्नलकडे बघत उभे राहिले. त्यांच्या बंडीची पाठ घामानं भिजली होती.

दगडू आईच्या पाया पडला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. सुनेनंही वाकून पायाला हात लावला. दगडूनं शिकवलं असणार. मावशीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला की नाही, ते मला गर्दीत दिसलं नाही. मग मावशी खाली बसली, मुलीच्या उंचीला. इतकी वर्षं आबांच्या तोंडून ऐकून ऐकून कंटाळलेला तो प्रश्न तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडला.

"गाव कंचं गं तुजं?"

"औंढं," मुलगी म्हणाली. चोख मावळी.

"मामा कुटले?"

"मोंबाशाचे."

"आन नाव काय माज्या बाईचं?"

"ठकू."

मावशी बसल्या जागी बसून राहिली. मुलीनं तिच्या गळ्यातली पोत हातात धरून बघितली. पोरीला वाटलं असेल, उत्तर चुकलं; तिनं जरा मोठ्यानं पुन्हा सांगितलं, "ठकू." तेव्हा मावशीनं पदरात तोंड खुपसलं आणि पोरीला उचललं.

आबा अजून सिग्नलच बघत होते. सिग्नल केव्हाच पडला होता आणि गाडीही निघून गेली होती.

बैलगाडीत सून, नात, दगडू, ट्रंका आणि मावशी बसली. आबांना जागा उरली नाही. मी दारापर्यंत गेलो होतो. दगडूनं कासरा हलवला, तेवढ्यात मावशी मागं वळली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आबांशी बोलली.

"आवो, आज वसरीवर पोरगं झोपंल. तुमचं हातरून आत घ्या."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. दोन्ही फलाटाची तिकिटं माझ्या हातात कोंबली, धोतराचा सोगा वर खोचला आणि त्या वयात ते बैलगाडीमागं पळत सुटले.